१७ वर्षांच्या अॅल्युमिनियम खिडक्या: काढून टाकायच्या की दुरुस्त होतील?

कळंबा_रोड

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात कळंबा रोडला अपार्टमेंटमध्ये तिसरा मजला, बांधकाम २००८ चं. सगळ्या खिडक्या अॅल्युमिनियमच्या स्लायडिंग, तीन ट्रॅकच्या: दोन पल्ले काचेचे, एक जाळीचा. पांढरं पावडर कोटिंग, ५ मिमी साधी काच. हॉल आणि बेडरूमच्या खिडक्या ५ × ४ फुटांच्या, दोन्ही पश्चिमेला तोंड करून.

सध्याची अवस्था अशी. पल्ला सरकवायला दोन्ही हात लावावे लागतात. जुलैत वाऱ्यासोबत पाऊस आला की ट्रॅक भरून पाणी आत फरशीवर सांडतं. खिडकीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांखाली भिंतीला ओल आहे, रंगाचे पापुद्रे सुटलेत. खालच्या पट्टीवर पांढरे फोड आलेत आणि वरच्या भागावर बारीक तांबूस ठिपके, ते पुसून जात नाहीत.

एका दुकानदाराने बघून सांगितलं, "अॅल्युमिनियमचं आयुष्य १५ वर्षं, सगळं काढा आणि यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिकच्या खिडक्या बसवा." हे कितपत खरं? दुरुस्तीत काय बसतं आणि काय बसत नाही? मृग लागायच्या आत करायचं तर कामाचा क्रम काय ठेवू?

---

सेक्शनवाला

१५ वर्षांत अॅल्युमिनियम संपतंय असं कुठं नसतंय वो. ६०६३ मिश्रधातूचा सेक्शन, म्हणजे चौकटीची पोकळ पट्टी, आणि तिच्या पत्र्याची जाडी १.२ मिमी किंवा वर असेल तर चौकट ३०-४० वर्षं काढते. संपतं ते आत बसवलेलं बारीक सामान, आणि त्या प्रत्येकाचं वय वेगळं. ब्रश, म्हणजे पल्ल्याच्या कडेची लोकरी पट्टी, ४ ते ६ वर्षं. साध्या नायलॉनचं बेअरिंग ३-४ वर्षं, बॉल बेअरिंगवालं ८-१०. काचेचं रबर ईपीडीएमचं (ऊन-पाऊस सोसणारं कृत्रिम रबर) असेल तर १०-१२, स्वस्त पीव्हीसीचं ४-५ वर्षांत कडक होऊन कोपऱ्यात आखडतं. बाहेरचं सिलिकॉन ८-१०. लॉकचं आयुष्य घरातली पोरं ठरवतात. तुमच्या खिडकीचं हे सगळं सामान एव्हाना एकदा तरी बदललेलं असायला पाहिजे होतं, ते झालेलं नाही. चौकटीवर कशाला राग काढायचा?

आधी रोग ओळखा. पल्ला बाजूला सारून ट्रॅकच्या उभ्या धारेवरून बोट फिरवा. बोटाला करडी-काळी, जरा चमकणारी पूड लागली तर धार झिजतेय: चाक फिरायचं बंद झालंय आणि पल्ला फरफटत चाललाय. तांबूस पूड आली तर बेअरिंगचं लोखंडी घर गंजलंय. पांढरी खरखरीत पूड म्हणजे पाणी साचून अॅल्युमिनियम खाल्लं जातंय.

आता वजनाचा हिशोब बघा, यातच बेअरिंग का मरतंय ते कळेल. काचेचं वजन दर चौरस मीटरला, दर मिमी जाडीला अडीच किलो. तुमचा पल्ला साधारण अडीच बाय चार फूट, म्हणजे ०.९३ चौरस मीटर. ५ मिमी काच साडेअकरा किलोची झाली, वर सेक्शनचे अडीच किलो धरा. १४ किलो दोन बेअरिंगांवर. पुष्कळ ठिकाणी जाळीच्या पल्ल्याचं हलकं बेअरिंगच काचेच्या पल्ल्याला ठोकलेलं असतंय. ते दोन पावसाळे निघतंय, मग चाकाला एका जागी सपाट घट्टा पडतो.

पल्ला काढायची रीत सांगतो. वरच्या ट्रॅकमध्ये पल्ला उचकटू नये म्हणून प्लास्टिकचा ठोकळा नाहीतर स्क्रू असतो, तो पहिला काढा. खोलीच्या बाजूचा पल्ला आधी, बाहेरचा शेवटी. दोघांनी दोन कडांना धरून सरळ वर उचलायचा, खालची कड धारेच्या वर आली की ती खोलीत ओढायची आणि मग पल्ला उतरवायचा. बाहेर ढकलून काढायचा प्रयत्न तिसऱ्या मजल्यावर अजिबात नको. हातमोजे घाला. साधी काच आहे, फुटली तर सुरीसारखे तुकडे होतात. उतरवलेला पल्ला जुन्या वाकळेवर उभा टेकवून ठेवा.

बेअरिंग खालच्या पट्टीच्या पोकळीत, दोन टोकांना असतं. काही सेक्शनमध्ये खालूनच एक स्क्रू सोडला की निघतं. काहींत कोपऱ्याचे स्क्रू काढून कडेची उभी पट्टी लाकडाचा ठोकळा धरून हलक्या हाताने ठोकत सुटी करावी लागते. स्क्रू गंजून बसला असला तर गंज सोडवायचा स्प्रे मारा, अर्धा तास थांबा, मग जोर लावा. तरी हलला नाही तर ड्रिलने डोकं उडवा. आडवातिडवा जोर लावून पट्टीचं भोक मोठं करून बसू नका.

जुनं बेअरिंग खिशात घालूनच लक्ष्मीपुरीत जा. दुकानात नावाने मागितलं तर भलतंच पदरात पडतं. बेअरिंगच्या घराची रुंदी, उंची आणि चाकाचा व्यास मिलिमीटरमध्ये जुळायला पाहिजे, चाकाची खाच पण धारेला बसायला पाहिजे. दोन खिडक्यांना १२ नग लागतील: काचेच्या पल्ल्यांना ८ बॉल बेअरिंगवाले, जाळीला ४ हलके चालतात. ब्रश घेताना पाया ४.८ मिमी आहे की ६.९, आणि लोकर ५, ६ की ७ मिमी उंच, हे बघून घ्या. नवा ब्रश जुन्या दबलेल्या ब्रशाएवढा उंच घेतला तर फट तशीच राहते, न दाबलेल्या तुकड्याचं माप घ्या. तो पट्टीच्या टोकाला, इंटरलॉकच्या (दोन पल्ले एकमेकांत अडकतात त्या उभ्या पट्टीच्या) आड सापडतो. लांबी सेक्शनप्रमाणे बदलते, म्हणून जुना ओढून काढून मोजा आणि दहा टक्के जास्त आणा. स्क्रू सगळे स्टेनलेस ३०४ चे. झिंकचा मुलामा उडाला की साधा स्क्रू गंजतो आणि त्याच्या भोवतीचं अॅल्युमिनियम पण पोखरतो.

धार झिजून सपाट झाली असेल तर चौकट फेकायची नसते. धारेवर बसणारी स्टेनलेसची टोपीपट्टी मिळते. धार स्वच्छ करून, थोडं सिलिकॉन लावून पट्टी दाबून बसवायची, टोकं कानशीने घासून घ्यायची. पट्टीने पल्ला किंचित उचलला जातो. बेअरिंगला उंचीचा स्क्रू असेल तर तो फिरवून पल्ल्याची उभी कड चौकटीला समांतर करा. पल्ला वरच्या ट्रॅकमध्ये निदान ८-१० मिमी आत राहिलाच पाहिजे, नाहीतर सोसाट्याला निसटतोय.

तेल, ग्रीस, खोबरेल यातलं काही ट्रॅकला लावायचं नाही. त्यात धूळ बसून खरकागद तयार होतो. सिलिकॉन स्प्रे, तोही फक्त चाकाच्या आसावर एक फवारा.

---

प्लंब_लेव्हल

बेअरिंगचं वर आलंच आहे, मी पाण्याकडे वळतो. इथे दोन वेगळ्या गळत्या आहेत आणि दोन्हींचा उपाय वेगळा. फरशीवर सांडणारं पाणी ट्रॅकमधून येतंय, भिंतीतली ओल कोपऱ्यातून. सगळीकडे सरसकट सिलिकॉन फासलं तर पहिली गळती वाढेल, कारण पाणी बाहेर जायची वाटच बुजते.

स्लायडिंग खिडकीत पाऊस ट्रॅकमध्ये येणार हे गृहीतच धरलेलं असतं. ते पाणी खालच्या निचरा-भोकांतून बाहेर पडलं पाहिजे. आतल्या ट्रॅकमधून मधल्यात, मधल्यातून बाहेरच्यात, तिथून बाहेर. या वाटेवरच्या ट्रॅकच्या तीन उभ्या भिंतींपैकी एकीला भोक नसलं तरी साखळी तुटते. पुष्कळ ठिकाणी भोकं पाडलेलीच नसतात, किंवा गिलावा करताना, रंग देताना बुजलेली असतात.

तपासणी सोपी आहे. ट्रॅक ब्रशने कोरडा साफ करून आतल्या ट्रॅकमध्ये मगाने एक लिटर पाणी सावकाश ओता. बाहेरच्या बाजूने धार लागली आणि दोन-तीन मिनिटांत ट्रॅक रिकामा झाला तर निचरा ठीक आहे. साचून राहिलं तर भोकं करावी लागतील. दोन्ही टोकांपासून साधारण ६ इंचांवर एकेक, आणि ५ फुटी खिडकीला मध्ये अजून एक. आकार ५-६ मिमी रुंद, २५ मिमी लांब. शेजारी शेजारी भोकं पाडून बारीक कानशीने जोडून घ्या. ३-४ मिमीच्या गोल भोकात पाणी पृष्ठताणामुळे अडकून बसतं, ते भोक असून नसल्यासारखं. भोक ट्रॅकच्या तळाशी लागून हवं, अर्धा सेंटीमीटर वर पाडलं तर तेवढं पाणी कायमचं साचतं आणि तुमच्यासारखे पांढरे फोड येतात. ड्रिल मारताना तळ फोडू नका. खालची पोकळी फुटली की पाणी थेट भिंतीत.

आता वाऱ्याचं गणित. वाऱ्याचा दाब पास्कलमध्ये काढायचं सूत्र ०.६ गुणिले वेगाचा वर्ग, वेग मीटर प्रति सेकंदात. ताशी ५४ किमी म्हणजे १५ मीटर प्रति सेकंद: दाब १३५ पास्कल. एवढा दाब सुमारे १४ मिमी पाण्याचा स्तंभ उचलून धरतो. ताशी ७२ किमीला हाच आकडा २४ मिमीवर जातो. म्हणजे निचरा शंभर टक्के चालू असला तरी झोताच्या वेळी ट्रॅकमध्ये तेवढं पाणी उभं राहणार. खोलीच्या बाजूची ट्रॅकची उभी कड त्यापेक्षा बुटकी असली की सांडणार. कड मोजा. २० मिमीच्या आत असेल तर पश्चिमेच्या खिडकीला ती कमीच. उपाय म्हणून आतल्या कडेला अॅल्युमिनियमची एल-पट्टी सिलिकॉनवर बसवून उंची ३५-४० मिमी करता येते, पण आतला पल्ला उचलून काढायला जागा राहते का ते आधी बघा. पावसाचा रोख तोडायला वर निदान दीड-दोन फुटांचा छज्जा असणं केव्हाही बरं. अपार्टमेंटमध्ये मात्र तो आपल्या हातात नसतो.

ओलीची गोष्ट वेगळी. चौकटीचा उभा सेक्शन आणि खालचा ट्रॅक कोपऱ्यात दोन-तीन स्क्रूंनी जोडलेला असतो. त्या सांध्यात सीलंट भरायचं असतं, घाईत राहून जातं. ट्रॅकमधलं पाणी तिथून झिरपून थेट खालच्या भिंतीत उतरतं, म्हणून ओल नेमकी दोन कोपऱ्यांखाली दिसते. दुसरा संशयित म्हणजे खालच्या ट्रॅकमधून भिंतीत मारलेले फिशरचे, म्हणजे प्लास्टिकच्या गुल्लीत बसणारे स्क्रू. चौकट बाजूंनी आणि वरून धरायची असते, कोपऱ्यापासून ६-८ इंचांवर पहिला स्क्रू आणि पुढे जास्तीत जास्त दोन फुटांवर एकेक. खालून मारायची वेळ आलीच तर डोक्याखाली आणि डोक्यावर सीलंट हवं. पल्ले उतरवलेले असतानाच हे दोन्ही करून घ्या: सांधे ब्रशने साफ, कोरडे, मग बारीक तोंडाच्या नळीने सीलंट, काठीच्या टोकाने आत दाबून.

त्यानंतर बाहेरचा जोड तपासा. पाइपचा हलका फवारा, नेहमी खालून वर जात: प्रथम फक्त खालचा जोड १० मिनिटं, मग एक बाजू, मग दुसरी, शेवटी वर. आत एकाने कोरडा वर्तमानपत्राचा कागद लावून बसायचं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि गळती कुठली ते कळत नाही. खिडकीखालच्या कडाप्प्याला बाहेर उतार आहे का आणि तो भिंतीच्या बाहेर इंचभर आलाय का, हेही याच वेळी बघा. उतार आत असेल तर वरचं सगळं करून उपयोग नाही, तो दगड बदलावा लागेल.

चौकट काढायचीच वेळ कधी येते? दोन कर्ण मोजा. दोन्हींत ५ मिमीपेक्षा जास्त फरक असेल, कोपरे उघडे पडले असतील किंवा तळ पोखरून आरपार भोकं दिसत असतील तर दुरुस्तीत पैसे घालू नका.

---

कळंबा_रोड

दोघांचेही आभार. तपासलं. बोटाला करडी पूड लागते, तांबूस थोडी. मगाचं पाणी आतल्या ट्रॅकमध्ये तसंच साचून राहिलं, आतल्या आणि मधल्या भिंतीला भोकंच नाहीत. आतली कड १८ मिमी. कर्णात २ मिमीचा फरक. तळाला आरपार भोक कुठे नाही. राहिले ते पांढरे फोड आणि तांबूस ठिपके. अॅल्युमिनियम गंजत नाही म्हणतात, मग तांबूस काय आहे?

---

मायक्रॉन_६०

अॅल्युमिनियमचा गंज पांढराच असतो. तांबूस ठिपके बाहेरून आलेत. शिरोली, गोकुळ शिरगाव पट्ट्यातल्या फाउंड्र्यांतून, ग्राइंडिंगमधून लोखंडाचा बारीक कण उडतो. रस्त्यावरच्या वाहनांच्या ब्रेकमधूनही उडतो. तो पांढऱ्या कोटिंगवर बसला आणि दवाने भिजला की जागेवर गंजतो. नखाने खरवडून बघा: ठिपका निघाला आणि खाली कोटिंग शाबूत असेल तर काळजी नाही. गाडी पॉलिश करणाऱ्यांकडे क्ले मिळते, साबणाच्या पाण्याने ओलं ठेवून ती हलक्या हाताने फिरवली की कण निघून येतात. खिडकीबाहेरची लोखंडी ग्रिल जर अॅल्युमिनियमच्या चौकटीतच स्क्रूने धरलेली असेल तर तांबूस ओघळ तिथलेही असतात. ग्रिल भिंतीत धरावी, चौकटीत नको.

पांढऱ्या फोडांची दोन कारणं इथे संभवतात. एक, साचलेलं पाणी. दुसरं, सिमेंट. ओल्या सिमेंटचा पीएच १२-१३ असतो आणि अॅल्युमिनियमवरचा संरक्षक ऑक्साइडचा थर साधारण ४ ते ८.५ या दरम्यानच टिकतो. कोटिंग आधीच कापलेल्या टोकाशी, स्क्रूच्या भोकाशी उघडं असतं, क्षार तिथून खाली शिरतो आणि कोटिंग फुगवतो. म्हणून चौकट बसवल्यावर गिलावा करायचा असेल तर चिकटपट्टी लावूनच, आणि सांडलेला माल ओला असतानाच पुसायचा. वाळल्यावर खरवडलं की डाग कायमचा. फरशी धुवायचं अॅसिड खिडकीच्या आसपासही नको, त्याच्या वाफेनेसुद्धा चमक जाते.

फोड दुरुस्त करायची पद्धत: सुटलेलं कोटिंग धारदार पात्याने पूर्ण काढा, घट्ट कडेपर्यंत. ३२० च्या पॉलिश पेपरने धातू चकचकीत होईतो घासा, आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, अॅल्युमिनियमला चालणारा इपॉक्सी प्रायमर एक हात, वाळल्यावर ४०० चा पेपर हलका फिरवून दोन घटकांच्या पीयू (पॉलीयुरेथेन) रंगाचे दोन हात. प्रायमर न लावता साधा ऑइल पेंट फासला तर सहा महिन्यांत सालपटं. संपूर्ण खिडकीला पुन्हा पावडर कोटिंग हवं असेल तर सगळे सेक्शन सुटे करून, जुना थर काढून, १८०-२०० अंशांच्या भट्टीत घालावे लागतात. दोन खिडक्यांसाठी तो खटाटोप परवडत नाही.

कोटिंगचं वय बघायचं असेल तर काळं फडकं घेऊन उन्हाच्या बाजूला घासा. पांढरी पूड लागली तर वरचा थर खडू व्हायला लागलाय. चांगलं कोटिंग ६०-८० मायक्रॉनचं असतं आणि बाहेरच्या उन्हात १० ते १५ वर्षं जातं. तुमचं १७ वर्षांचं आहे, तक्रारीला फार जागा नाही. खडू हलका असेल तर गाडीचं वॅक्स वर्षातून एकदा लावलं की चार-पाच वर्षं अजून निघतात. जुन्या तपकिरी अॅनोडाइज्ड खिडक्या असलेल्यांनी हे लक्षात ठेवा की जाड अॅनोडायझिंग, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने धातूवरच वाढवलेला ऑक्साइडचा थर, पावडर कोटिंगपेक्षाही जास्त टिकू शकतो, पण डाग पडला तर जागेवर दुरुस्त होत नाही.

आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे गाळप हंगाम. नोव्हेंबर ते मार्च उसाच्या चिपाडाची काळी राख खिडकीवर बसते. त्या राखेत बहुतांश सिलिका असते, कोरड्या फडक्याने पुसली की कोटिंगवर आणि काचेवर चरे पडतात. आधी साधं पाणी मारून राख उतरवायची, मग बादलीभर पाण्यात दोन चमचे भांड्याचा द्रव साबण आणि मऊ फडकं. काथ्या, तारेची घासणी, थिनर बाद. हीच राख ब्रशाच्या लोकरीत घुसून ती कडक करते, म्हणून हंगाम संपल्यावर पाडव्याच्या सुमाराला एक धुणं आणि दसऱ्याच्या साफसफाईत एक, एवढं पुरतं. मे महिन्यात ट्रॅक आणि निचरा-भोकं वेगळी तपासायची.

---

दुधाळीकर

पुराच्या पट्ट्यातल्यांसाठी भर घालतो, कारण २०१९ आणि २०२१ नंतर खूप जणांनी चांगल्या खिडक्या भंगारात घातल्या. बुडाली म्हणून अॅल्युमिनियमची खिडकी जात नाही, आत वाळलेला गाळ तिला घालवतो. गाळ ओला असेपर्यंत धुवायचं. पोकळ सेक्शनमध्ये स्क्रूच्या भोकांतून गाळ शिरलेला असतो, तो वाळला की विटेसारखा बसतो आणि वर्षानुवर्षं ओल धरून ठेवतो. पल्ले उतरवा, खालच्या पट्ट्या सुट्या करा, वरच्या भोकातून पाइपने पाणी सोडून खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. पाणी बाहेर पडायला वाटच नसेल तर पल्ल्याच्या खालच्या पट्टीला तळातून ६ मिमीची दोन भोकं पाडा. ब्रश सरळ फेकून द्या, धुऊन उपयोग नाही. बेअरिंग आणि लॉकही बहुतेक जातातच.

आणि ब्लीचिंग पावडर. पूर ओसरल्यावर सगळे घरभर मारतात, ते बरोबरही आहे, पण तिचं दाट पाणी अॅल्युमिनियमवर राहिलं तर बारीक खड्डे पडतात. पातळ करून वापरा आणि दहा मिनिटांच्या आत भरपूर पाण्याने धुऊन टाका.

---

नवंच_बरं

एवढा खटाटोप करण्यापेक्षा यूपीव्हीसी का नको? आवाज कमी, गंज नाही, रंग नाही.

---

सेक्शनवाला

नवं घर असेल तर जरूर विचार करा, वाईट काही नाही. पण त्यालाही बेअरिंग, ब्रश, रबर, सिलिकॉन हेच सगळं असतंय आणि ते याच वयात जातंय. आत लोखंडी पट्टी असते, पाणी शिरलं तर ती गंजते. उन्हात यूपीव्हीसी अॅल्युमिनियमच्या तिप्पट फुगतं, त्यामुळे फटी नीट सोडल्या नाहीत तर पल्ला अडकतो. आवाजाचं म्हणाल तर तो काच आणि फट ठरवते. स्लायडिंग ते स्लायडिंग बदललं तर फार फरक पडत नाही, कब्ज्याची, म्हणजे बिजागरीवर उघडणारी, आणि चारी बाजूंनी रबर दाबणारी खिडकी घेतली तर पडतो, मग ती कशाचीही असो. एसी नसेल तर उष्णतेच्या फरकासाठी तेवढा खर्च करावा असं आपलं हवामान नाही.

शिवाय जुनी चौकट काढताना चारी बाजूंचा गिलावा फुटतो, कडाप्पा निघतो, रंग परत येतो. दर सांगताना हे कुणी धरत नसतंय. बदलायचंच ठरवलं तर काढलेलं अॅल्युमिनियम वजन करून किंमत वळती करून घ्या, "काढून नेतो" म्हणून फुकट देऊ नका.

कळंबा रोडवाल्यांना: तुमचा कर्ण ठीक आहे, तळ शाबूत आहे. सामान बदला, टोपीपट्टी बसवा, भोकं पाडा. आहे त्या चौकटीत काम भागतंय.

---

कळंबा_रोड

ठरलं, दुरुस्तीच. शेवटचं विचारतो: बाहेरचं सिलिकॉन कुठलं आणि किती आणू? आणि आता वळीव सुरू झालाय, मध्येच पाऊस आला तर चालेल का?

---

प्लंब_लेव्हल

न्यूट्रल, बाहेरच्या हवामानासाठीचं घ्या. ओळखायची खूण म्हणजे वास: व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन काचेच्या कामाला ठीक, पण सिमेंट-गिलाव्याला ते नीट धरत नाही आणि उघड्या धातूला बाधतं. नळीवरची तारीखही बघा, जुना माल वाळतच नाही.

माप असं: ६ मिमी रुंद, ६ मिमी खोल जोडाला २८० मिलीची नळी पावणेआठ मीटर जाते. ५ × ४ ची परिमिती १८ फूट, म्हणजे साडेपाच मीटर. सांडमांड आणि कोपऱ्याचे सांधे धरून खिडकीला एक नळी, दोघींना मिळून एक जास्तीची. फट १० मिमीपेक्षा खोल असेल तर आत फोमची गोल दोरी दाबा आणि वर सिलिकॉन भरा. दोरीने माल वाचतो, शिवाय सिलिकॉन फक्त दोन बाजूंना चिकटतं आणि ताणलं जाऊ शकतं. हे लागतंच, कारण ५ फुटांची चौकट ४० अंशांच्या फरकाने जवळजवळ दीड मिलिमीटर लांबते-आखडते. तीन बाजूंना चिकटलेलं किंवा पांढऱ्या सिमेंटने भरलेलं असलं की दोन उन्हाळ्यांत भेग.

जुनं सिलिकॉन पात्याने संपूर्ण काढा, जुन्यावर नवं धरत नाही. रंगाचे पापुद्रे काढून पक्क्या गिलाव्यापर्यंत जा. पुसा, दोन्ही कडांना कागदी चिकटपट्टी लावा, भरा, एका दमात दाबून गुळगुळीत करा आणि साय धरायच्या आत पट्टी ओढून काढा. खालच्या बाहेरच्या जोडात निचरा-भोकांची तोंडं बुजणार नाहीत हे बघा.

वळवाचं म्हणाल तर भिंत भिजली की पुढचे दोन दिवस कडक ऊन मिळाल्याशिवाय हात लावू नका. सकाळी ११ पर्यंत काम उरका, आपल्याकडे वळीव बहुधा दुपारनंतर येतो. साय अर्ध्या तासात धरते, त्यानंतर सर आली तरी वाहून जात नाही, पण आतपर्यंत दिवसाला २-३ मिमीच पिकतं, म्हणून तीन दिवस बोट लावायचं नाही आणि पल्ले आपटायचे नाहीत. तिसऱ्या मजल्यावर बाहेरून हात पोचणार नसेल तर लोंबकळू नका. सोसायटीचा बाहेरचा रंग निघणार असेल तर परांची बांधलेली असतानाच करून घ्या. तोपर्यंत यंदाच्या पावसाला आतले सांधे, भोकं आणि ती एल-पट्टी एवढं करून ठेवा.